‘हे प्रकरण घरी वाचून घ्या’ म्हटल्यावर काय करायचं

बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला अपसामान्य मानसशास्त्र होतं. चिंता, नैराश्य, छिन्नमनस्कता, सगळं रीतसर शिकवून झालं. मग लैंगिक समस्यांचं प्रकरण आलं. सरांनी पुस्तक उघडलं, वर पंख्याकडे बघितलं आणि म्हणाले, “हे सोपं आहे, घरी वाचून घ्या.” आमचं घर दोन खोल्यांचं. एकीत बाबा बातम्या लावून बसलेले, दुसरीत आजी आडवी झालेली. मी ते प्रकरण ओट्याशी उभं राहून, कुकरच्या शिट्ट्या मोजत, वर सामान्य ज्ञानाचं पुस्तक धरून वाचलं. कळलं काहीच नाही. भात मात्र करपला.

आता मी एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर हाच विषय शिकवते. पंख्याकडे बघायचा मोह मलाही होतो, खोटं कशाला बोलू. पण दरवर्षी तीच मुलं-मुली तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते. एका प्रकरणापुरता हा विषय असलेल्यांनाही चालेल आणि ज्यांनी मानवी लैंगिकतेचं मानसशास्त्र अख्ख्या पेपरभर घेतलंय त्यांनाही.

आधी शब्द. बाकी सगळं नंतर.

मराठीत या विषयाला दोनच भाषा आहेत. एक परीटघडीची, ‘कामप्रेरणा’, ‘समागम’ वगैरे, जी तोंडातून बाहेर पडताना आपल्यालाच कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं. दुसरी शिव्यांची. मधली, रोजच्या वापराची भाषा आपल्याकडे जवळपास नाहीच. त्यामुळे मुलं इंग्रजी शब्दांच्या आडोशाला जातात. त्यात वाईट काही नाही, पण इंग्रजी शब्द पाठ झाला म्हणजे तो कळला असं होत नाही.

वहीचं पहिलं पान घ्या आणि उभे चार रकाने आखा. पहिल्याला नाव द्या ‘जैविक लिंग’: गुणसूत्रं, संप्रेरकं, अवयव. दुसऱ्याला ‘लिंगभाव’: माणूस स्वतःला काय समजतो, आणि समाज त्याच्याकडून कसं वागायची अपेक्षा करतो. तिसऱ्याला ‘लैंगिक कल’: ओढ कुणाबद्दल वाटते. चौथ्याला ‘लैंगिक वर्तन’: प्रत्यक्षात काय घडतं. मराठीत ‘लिंग’ हा एकटा शब्द व्याकरणातही राबतो, जन्मदाखल्यावरही आणि शरीराच्या एका अवयवासाठीही. म्हणून तर वर्गात तो उच्चारला की मागच्या बाकावर खसखस पिकते. रकाने पाडले की त्याच्यावरचा भार हलका होतो.

मग पुस्तकातलं प्रत्येक विधान या पानावर आणून बसवायचं. ‘तृतीयपंथी व्यक्ती’ म्हटलं की दुसरा रकाना. तिला कोण आवडतं हे त्यावरून अजिबात कळत नाही, ते तिसऱ्यात. लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप, पण ओढ पुरुषांची: इथे तिसरा आणि चौथा रकाना एकमेकांशी जुळत नाहीत. एड्स नियंत्रणाच्या कामात ‘पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष’ असा लांबलचक शब्दप्रयोग करतात, तो याच कारणाने. असे संबंध ठेवणारे कितीतरी जण स्वतःला समलिंगी म्हणवत नाहीत. आरोग्य कार्यकर्त्याला ओळखीशी देणंघेणं नसतं, वर्तनाशी असतं. परीक्षेतली निम्मी गडबड रकाने एकमेकांत सांडल्याने होते, हे पेपर तपासणारी म्हणून सांगते.

दुसरं पान निकाल लावून बसलेल्या शब्दांसाठी ठेवा. ‘स्वप्नदोष’ घ्या. वयात आलेल्या मुलाला झोपेत वीर्यस्खलन होतं, शरीराचा साधा व्यवहार आहे. पण शब्दातच ‘दोष’ घालून ठेवलाय, मग मुलगा घाबरणार नाही तर काय? ‘गुप्तरोग’मध्ये ‘गुप्त’ आहे, म्हणून तो डॉक्टरपर्यंत उशिरा पोहोचतो. पाळीला ‘कावळा शिवला’. ‘विकृती’ तर सगळ्यात चावट शब्द. डीएसएम-5 मध्ये (मनोविकारांचं निदान करायला वापरतात ती अमेरिकन यादी), म्हणजे 2013 पासून, पॅराफिलिया आणि पॅराफिलिक डिसऑर्डर असे दोन वेगळे शब्द आहेत. नेहमीपेक्षा वेगळी ओढ असणं हे पहिलं. त्या ओढीने त्या माणसाला स्वतःला त्रास होत असेल, जगणं अडत असेल, किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, तेव्हा दुसरं. जुन्या मराठी पुस्तकांत दोन्हींना एकच ‘विकृती’ चिकटवलेली सापडते. तुम्ही उत्तरात वेगळं लिहा, कंसात कारण द्या.

आणि हे शब्द मोठ्याने म्हणा. शिश्न, वृषण, योनिमार्ग, शिश्निका, हस्तमैथुन, स्खलन. मी पुण्याला एम. ए.ला असताना रूमवर हे केलं होतं. रूममेट मायक्रोबायोलॉजीची, तिला आधी वाटलं माझं डोकं फिरलं. पहिल्या संध्याकाळी हसून हसून पोट दुखलं. दुसऱ्या दिवशी तिने माझे उच्चार सुधारले. तिसऱ्या दिवशी आम्ही कंटाळलो. त्या कंटाळ्यापर्यंत पोहोचायचं असतं. तोंडी परीक्षेत अडखळत नाही तो विद्यार्थी शब्दांना कंटाळलेला असतो.

मराठीत ही अडचण नवी नाही. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पुढे नोकरी सोडावी लागली, आणि जुलै 1927 पासून 1953 मध्ये जाईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरं दिली म्हणून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले. पण जुने अंक मिळाले तर त्यातली भाषा नक्की बघा. गणित सोडवल्यासारखी आहे: प्रश्न, कारण, उत्तर. ना लाडिकपणा, ना उपदेश. मला तरी आजवर यापेक्षा चांगला नमुना दिसलेला नाही. त्यांची सगळीच मतं मान्य करा असं म्हणत नाही.

आता पुस्तक. विकत घेण्याआधी प्रकाशनाचं वर्ष बघा.

मी अप्पा बळवंत चौकातून जुनं पुस्तक अर्ध्या किमतीत आणलं आणि फार खूश झाले. त्यात ‘समलैंगिकता’ ही लैंगिक विकृतींच्या यादीत, आणि आधीच्या मालकाने शेजारी पेन्सिलने दोन चांदण्या काढून लिहिलेलं: ‘व्हीआयएमपी’. मी तेवढ्याच निष्ठेने पाठ केलं. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने कलम 377 बद्दल निकाल दिला, प्रौढांमधले संमतीने आलेले समलिंगी संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले. आमच्या वर्गात चर्चा निघाली आणि मी तावातावाने उठून म्हणाले, “पण मानसशास्त्रात तर हा आजारच आहे ना?” वर्ग गप्प. मॅडमनी शांतपणे विचारलं, “कोणत्या सालच्या मानसशास्त्रात?” अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून 1973 मध्ये काढली होती. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये. माझं पुस्तक दुसऱ्याच जमान्यात अडकून पडलेलं, आणि त्याच्याबरोबर मीही. पुढे 2022 मध्ये भारतातल्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने समलिंगी कल ‘बरा’ करून देण्याचे उपचार हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. तरी ते जुनं पुस्तक चौकात आजही कुणीतरी अर्ध्या किमतीत घेत असेल.

पण नुसती सालं पाठ करून उपयोग नाही, 1973 आधी काय घडलं ते समजून घ्या. एव्हलिन हुकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1957 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तोवरचं बहुतेक संशोधन दवाखान्यात आलेल्या किंवा तुरुंगात असलेल्या समलिंगी पुरुषांवर झालेलं. म्हणजे दवाखान्याच्या दारात उभं राहून गावाची तब्येत मोजण्यासारखं. हुकरबाईंनी उपचार न घेणारे 30 समलिंगी पुरुष घेतले, आणि वय, शिक्षण, बुद्ध्यांक जुळवून 30 भिन्नलिंगी. सगळ्यांना रोर्शाकसारख्या (शाईच्या डागात काय दिसतं ते सांगा) प्रक्षेपण चाचण्या दिल्या आणि उत्तरं नाव-गाव काढून निष्णात परीक्षकांपुढे ठेवली: ओळखा कोण कोणता. त्यांना ओळखता आलं नाही. समायोजनाच्या गुणांतही दोन्ही गट सारखेच. संशोधन पद्धतीच्या पेपरात नमुना निवड, जुळवलेले गट, परीक्षकाला माहिती न देणं हे सगळं कोरडं वाटतं. इथे त्याच तीन गोष्टींनी एक आजार आजार उरला नाही. उत्तरात हा अभ्यास लिहिताना निष्कर्षाला एक ओळ द्या, पद्धतीला पाच.

किन्सीचंही तसंच. अल्फ्रेड किन्सी मूळचे प्राणिशास्त्रज्ञ, गांधीलमाशीच्या जातकुळीतल्या बारक्या किड्यांचे हजारो नमुने जमवणारे. 1948 मध्ये त्यांचा पुरुषांवरचा अहवाल आला, 1953 मध्ये स्त्रियांवरचा. दुसऱ्यात 5,940 स्त्रियांच्या मुलाखती. आकडा बघून दबून जायचं नाही. पहिल्या अहवालात तुरुंगातली माणसं प्रमाणाबाहेर होती, बरेच स्वतःहून पुढे आलेले, आणि या विषयावर बोलायला स्वतःहून येणारा माणूस न येणाऱ्यापेक्षा वेगळा असू शकतो. ही टीका त्याच काळात मोठमोठ्या संख्याशास्त्रज्ञांनी केली होती. पण किन्सींकडून एक गोष्ट चोरण्यासारखी आहे. ‘तुम्ही हे कधी केलंय का?’ असं ते विचारत नसत. ‘पहिल्यांदा केलंत तेव्हा वय काय होतं?’ असं विचारत. नाही म्हणायचं ओझं समोरच्यावर. आपल्याकडची एखादी आत्या “लग्न कधी करतेस?” विचारते, “करणार आहेस का?” विचारत नाही, तसंच. फरक इतकाच की आत्या उत्तर लिहून घेत नाही. आणि यातही धोका आहेच: न केलेलाही दबून एखादं वय सांगून टाकेल.

किन्सींची पट्टी 0 ते 6 अशी सगळे लिहितात. 0 म्हणजे पूर्ण भिन्नलिंगी, 6 म्हणजे पूर्ण समलिंगी. या आकड्यांच्या बाहेर ‘एक्स’ नावाची एक नोंद होती, ज्यांना कुणाचीच लैंगिक ओढ वाटत नाही त्यांच्यासाठी. ती हमखास गाळली जाते. गाळू नका.

मास्टर्स आणि जॉन्सन यांच्या 1966 च्या पुस्तकात 382 स्त्रिया आणि 312 पुरुष प्रयोगशाळेत, यंत्रं लावून. उद्दीपन, पठार, कामपूर्ती, शमन या चार पायऱ्या तिथल्या. आकृती काढायला सोपी, म्हणून सगळ्यांची लाडकी. पण प्रयोगशाळेत दिव्याखाली हे जमणारी माणसंच निवडलेली होती, आणि इच्छा ही पायरी तिच्यात नाहीच. ती हेलन कॅप्लन यांनी 1970 च्या दशकात पुढे आणली. 2000 मध्ये रोझमेरी बॅसन यांनी स्त्रियांसाठी गोल फिरणारी मांडणी सुचवली: जवळीक आधी, इच्छा मागाहून, असंही होतं. आकृत्या तिन्ही शेजारी शेजारी काढा, प्रत्येकीत काय सुटलंय ते खाली लिहा.

हे सगळं अमेरिकेचं झालं. मग आपलं काय? या प्रश्नावर कुणीतरी कामसूत्राचं नाव काढतंच. काढू दे. सात अधिकरणं आहेत, आसनं त्यातल्या एकाच अधिकरणाच्या काही भागात; बाकी घर, विवाह, परस्त्री, गणिका, औषधं. शहरातल्या सुखवस्तू पुरुषाने कसं जगावं याचा तो ग्रंथ आहे. तेव्हाचे लोक खरोखर कसे जगत होते, याचा तो पुरावा नाही. एवढं बोलून पुढे चला.

खरं आपलं उदाहरण एसटी स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर आहे. ‘धातू जाणे, कमजोरी, बचपन की गलतियाँ, एकदा अवश्य भेटा.’ हिंदी-मराठीची खिचडीसुद्धा ठरलेली. लघवीतून वीर्य जातंय, म्हणून थकवा, म्हणून अभ्यासात लक्ष नाही, म्हणून लग्नाची भीती: ही तक्रार घेऊन येणारे तरुण भारतातल्या मनोविकार विभागांत इतके होते की डॉ. एन. एन. विग यांनी 1960 मध्ये तिला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. मुळाशी सप्तधातूंची कल्पना. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी सगळ्याचं सार म्हणून शुक्र. सार गेलं म्हणजे सगळं गेलं, हे गणित घराघरांत न शिकवता पोहोचलेलं असतं. शरीरात बिघाड सापडत नाही, पण मुलाचा थकवा खोटा नसतो. चिंता खरी असते, नैराश्यही बऱ्याचदा सोबत असतं. वर्गात मुलं यावर हसतात तेव्हा मी सांगते, 1760 मध्ये तिसो नावाच्या स्विस डॉक्टरने हस्तमैथुनाने शरीर कसं खंगतं यावर पुस्तक लिहिलं आणि युरोप पिढ्यान्पिढ्या त्या भीतीत जगला. म्हणजे भिंत तिकडेही होती. ‘संस्कृतिबद्ध विकार’ यावर टीप आली की या दोन गोष्टी एकत्र लिहा, आणि मग हा विकार खरंच एकाच संस्कृतीला बांधलेला आहे का, असं स्वतः विचारा. एक गृहपाठ: गावातल्या अशा पाच जाहिरातींचे शब्द वहीत उतरवून घ्या. फोटो काढत उभं राहू नका, लोक वेगळंच समजतात.

प्रकल्पाबद्दल मात्र थोडं थांबून बोलते, कारण इथे मी तोंडावर आपटलेय.

एम. ए.ला मी विवाहपूर्व संबंधांविषयीच्या मतांची प्रश्नावली केली. पहिलाच प्रश्न: ‘लग्नाआधी संबंध असावेत असं तुम्हाला वाटतं का?’ एका बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, ‘हो, दोन्ही घरांचे आधीपासून संबंध असले तर चांगलंच, फसवणूक होत नाही.’ चूक त्यांची नव्हती. मी लाजून ‘लैंगिक’ शब्द गाळला होता. असे आणखी किती जणांनी ‘हो’ला खूण केली असेल देव जाणे, सगळे फॉर्म बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात केली. म्हणून प्रश्नावली वाटण्याआधी चार-पाच जणांना द्या आणि ‘या प्रश्नाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा’ म्हणा. दुसऱ्या फेरीत दुसरी चूक. वय, गाव, विवाहित की अविवाहित, सगळं विचारलं. नाव विचारलं नव्हतं, म्हणून मी निर्धास्त. मार्गदर्शक मॅडमनी तक्ता बघितला आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “ही तुमच्याच वर्गातली ना?” त्या गावची, त्या वयाची, विवाहित अशी एकच मुलगी विभागात होती. पोटात गोळा आला. गावाचा रकाना तिथल्या तिथे काढला, वयाचे गट केले. तेव्हापासून माझा नियम: ज्याचं उत्तर विश्लेषणात वापरणार नाही तो प्रश्न विचारायचाच नाही. गुगल फॉर्म असेल तर ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे ना, हे स्वतः डोळ्यांनी बघा.

कॉलेजच्या आवारात अकरावी-बारावीची मुलंही असतात. त्यांना फॉर्म द्यायचा नाही, कितीही सोयीचं असलं तरी. ती 18 च्या आतली. शिवाय 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणून संमतीपत्रावर ‘तुम्ही सांगितलेलं काहीही कुणालाही सांगणार नाही’ असं छातीठोक वाक्य लिहू नका. जे पाळता येणार नाही ते वचन देऊ नये. मुलाखतीत असं काही निघालंच तर एकट्याने निस्तरायला जाऊ नका, त्याच दिवशी मार्गदर्शकांकडे जा.

उत्तरपत्रिकेबद्दल एकच. ‘आपल्या संस्कृतीत अशा गोष्टींना थारा नाही’ हे वाक्य मला दरवर्षी भेटतं, बहुतेक पुरवणीच्या शेवटी, जिथे मुद्दे संपलेले असतात. त्याला गुण नाहीत. ‘अमुक गट, अमुक पद्धत, हे आढळलं, ही मर्यादा’ याला आहेत. तुमचं मत तुमच्यापाशी ठेवा; सहा महिन्यांनी बदललं तर माझी हरकत नाही.

घरी काय सांगायचं, हा मुलींचा हमखास प्रश्न. मी आईला खरं सांगितलं, पण हप्त्याहप्त्याने. आधी ‘पाळी आणि मन’, मग ‘लग्नातल्या अडचणी’, मग बाकीचं. तिसऱ्या हप्त्याला आईच म्हणाली, “अगं, हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर.” पुढे ती बोलली नाही, मीही खोदलं नाही. सगळ्यांच्या आया अशा निघतील याची हमी देत नाही. वर्तमानपत्राचं कव्हर घालून पुस्तक नेणं हाही मार्ग आहे, त्यात कमीपणा नाही.

आणि वाचता वाचता स्वतःलाच एकेक लक्षण लागू व्हायला लागलं, तर समजा की तुम्ही मानसशास्त्राचे रीतसर विद्यार्थी झालात. ते ओसरतं. दुसऱ्यांना लावू नका, विशेषतः रूममेटला. पण एखादं पान वाचून जुनी जखम उघडी पडली, झोप उडाली, तर ते वेगळं. तेव्हा पुस्तक मिटायचं, वर्गातून उठून जायचं, परवानगी मागत बसायचं नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. वर्गमित्रांच्या अशा गोष्टींचे समुपदेशक तुम्ही अजून झालेला नाही. ऐका, सोबत जा, थांबा.

वर्गात विचारायची लाज वाटते, त्यावर माझ्याकडे बुटाचं रिकामं खोकं आहे. सगळ्यांना सारखे कागद देते, पाच मिनिटं सगळ्यांनी लिहायचंच. ज्याला प्रश्न नाही त्याने सतराचा पाढा लिहायचा, म्हणजे कोण विचारतंय हे शेजाऱ्याला कळत नाही. चिठ्ठ्या घरी नेऊन वाचते आणि फाडते. गेल्या वर्षी एका कागदावर पाढाच होता. सतरा चोक अडुसष्टपर्यंत व्यवस्थित आलेला. त्याखाली, अक्षर एकदम बारीक करून: ‘मला मुलंही आवडत नाहीत, मुलीही नाहीत. याला शब्द आहे का?’

आहे. दुसऱ्या दिवशी किन्सींची पट्टी शिकवताना फळ्यावर 0 ते 6 लिहिले, बाजूला ‘एक्स’ काढला आणि त्याच्यापुढे ठळक अक्षरांत लिहिलं, ‘अलैंगिक’. लिहून झाल्यावर मी वर्गाकडे पाठ करूनच थोडा वेळ खडू पुसत राहिले, म्हणजे ज्याला उतरवून घ्यायचं त्याला घेता यावं.